अहवालाबाहेरची सचिव

“म्हंजे कंदी?”

एवढंच विचारायची. विचारताना पेनाचं टोक वहीवरून उचलायचं आणि समोरच्याने नीट उत्तर देईपर्यंत ते तसंच हवेत धरून ठेवायचं. प्राचार्य म्हणाले, “बघू.” पेन वर. “बघू म्हंजे कंदी, सर?” “लवकरच.” पेन वरच. “लवकर म्हंजे कंदी?” शेवटी माणूस वैतागून एखादा वार सांगून टाकायचा. मग पेन खाली यायचं, वार लिहिला जायचा, आणि तो वार उजाडला की ही दारात उभी.

तुम्ही कधी कुठल्या कचेरीत, शाळेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये बसला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, आपला निम्मा कारभार ‘बघू’वर चालतो. कुणी ‘नाही’ म्हणत नाही. नाही म्हटलं तर भांडता येतं. ‘बघू’शी कसं भांडणार? तर ती अशी भांडायची. आवाज न चढवता, पेन वर धरून.

मी कर्जतच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते आणि गेली सहा वर्षं विद्यार्थी परिषदेची प्रभारी आहे. मार्चमध्ये परिषदेचा कार्यकाळ संपतो. त्या वेळी बक्षीस समारंभात विद्यार्थी सचिव वर्षाचा अहवाल वाचतो. वाचतो म्हणजे फक्त वाचतो, लिहिते मी. ‘उत्साहात संपन्न’, ‘भरघोस प्रतिसाद’, ‘मान्यवरांचे बहुमोल मार्गदर्शन’. वर्ष आणि नावं बदलली की झाला तयार. यंदाचाही मी दिला. दीड पान. वार्षिक अंकात छापूनही आला. त्यात तिचं नाव नाही, म्हणून हे वेगळं लिहायला बसले आहे. इथेही नाव घालत नाही. मी तिला विचारलेलं नाही, आणि तिच्या बाबतीत न विचारता मी जे केलं ते एकदाच पुरे आहे.

ती सचिव झाली तीच मुळी चुकून. मुलांच्या भाषेत या पदाला ‘जीएस’ म्हणतात. प्रत्येक वर्गातला पहिला आलेला विद्यार्थी परिषदेत येतो आणि ते सगळे मिळून जीएस निवडतात. दोन मुलगे पदासाठी हटून बसले होते. एक कर्जतचा, बाजारपेठेतला. दुसरा खालापूरकडचा, ज्याच्या भावाचे टेंपो रसायनीच्या कारखान्यांना लागलेले आहेत. दोघांचे बॅनर छापून तयार होते. एकावर तर आमदाराला शोभेल असा हात जोडलेला फोटो. मतं समसमान पडली. दुसऱ्या फेरीतही तेच. तिसऱ्या फेरीआधी दोन्ही बाजूंची पोरं जिन्यात कुजबुजली आणि एकमुखाने हिचं नाव पुढे आलं. ही तिसऱ्या वर्षाची, कला शाखेची, माथेरानच्या पायथ्याच्या एका ठाकूर आदिवासींच्या वाडीवरची. दोन वर्षांत वर्गाबाहेर कुणी तिचा आवाज ऐकला नव्हता.

“वाडीवरची हाय, मॅडम. काय बोलनार नाय,” बाजारपेठेतल्याने मला समजावलं. “पद तिचं, काम आमी बघू.”

त्याला वाटलं, त्याने मोठं राजकारण केलं.

पहिल्या बैठकीला आमच्याकडे चहा, बटाटेवडा आणि फोटो असतो. दुसरी बैठक शक्यतो नसते. वडे संपले, फोटो झाला, प्राचार्य उठायला लागले तेव्हा तिने पेन वर धरलं आणि विचारलं, “सर, पुढची बैठक?”

“घेऊ की.”

“म्हंजे कंदी?”

बाजारपेठेतल्याच्या हातातला वडा हातात राहिला.

तिने मागितलं काय, ते ऐका. गॅदरिंगला डीजे नाही, सहल नाही. तिने मागितलं की पहिला तास सात वीसऐवजी साडेआठला भरावा.

वाडीवरून ती आणि आणखी पोरंपोरी अंधारात निघतात, डोंगर उतरून डांबरी रस्त्याला लागतात आणि एसटीची पहिली गाडी धरतात. गाडी कर्जतला आठ दहाला पोचते. वेळेवर पोचते, वेळच तिची ती आहे. तोपर्यंत आमचा पहिला तास संपलेला असतो. सात वीस ही वेळ कशी ठरली हे मुलांना माहीत नाही, आम्हाला माहीत आहे. निम्मे प्राध्यापक कल्याण-बदलापूरकडून येतात आणि त्यांना दुपारच्या लोकलने घरी जेवायला पोचायचं असतं. मी पाच मिनिटांवर राहते, मला लोकल धरायची नसते. पण दुपार मोकळी मिळते हे मलाही आवडत होतं. सहा वर्षं मी त्या वेळापत्रकाबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

परिणाम असा की दर वर्षी फेब्रुवारीत फलकावर यादी लागायची. हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली, परीक्षेचा फॉर्म अडवला. यादीत बहुतेक नावं वाड्यांवरची. मग आमच्या कॉलेजची खास पद्धत सुरू व्हायची. पालकाला घेऊन यायचं. ऑफिसात छापील माफीपत्र तयारच असतं: ‘माझ्या पाल्याच्या बेशिस्त वर्तनाबद्दल मी दिलगीर आहे.’ बापाने मजुरी बुडवून खाली यायचं, त्यावर अंगठा किंवा सही करायची, प्राचार्यांसमोर हात जोडायचे. प्राचार्य चार शब्द सुनावायचे. मग फॉर्म घेतला जायचा. इतकी वर्षं कुणीही विचारलं नाही की यात बेशिस्त कोणती.

पोरांनी त्यावर उपाय काढला होता. गेटबाहेर वडापावची गाडी लावणारा एक मनुष्य आहे, सगळे त्याला मामाच म्हणतात. फेब्रुवारीत तो अ‍ॅप्रन काढून, डोक्यावर टोपी चढवून ऑफिसात यायचा आणि ज्याच्या-त्याच्या बापाच्या नाहीतर चुलत्याच्या जागी सही ठोकायचा. एकदा मी त्याला धरला.

“मामा, मागच्या वर्षी तुम्ही दुसऱ्याच मुलाचे काका होता.”

“नातं मानन्यावर असतं, मॅडम,” तो म्हणाला. “आनि घाई करा जरा, तिकडं तेल तापलंय.”

मी हसून सोडून दिलं. आम्ही सगळेच हसायचो. ती हसली नाही.

“आमच्या बापानं माफी का मागायची, मॅडम?” ती म्हणाली. “गाडी आठ दहाला पोचते. माफी गाडीला मागू दे.”

आणि ती कामाला लागली. महिनाभर रोज ती स्टँडवर उतरली की वहीत वेळ लिहायची आणि वही कंडक्टरसमोर धरायची. पहिल्या दिवशी तो बिचकला. “ए पोरी, माझी चौकशी लावतेस काय गं?” तिने समजावून सांगितलं. तिसऱ्या दिवसापासून तो स्वतःच पेन काढून बसायला लागला, म्हणाला, “माज्या टायमाची किंमत कळली कुनाला तरी.” कोण-कोण उतरलं त्यांची नावंही ती लिहायची. ती वही बैठकीत प्राचार्यांच्या टेबलावर आली तेव्हा ते ‘स्तुत्य’ म्हणाले. मग म्हणाले, वेळ बदलणं सोपं नाही, तुम्ही आगारात जाऊन गाडीच लवकर सोडायला सांगा ना. त्यांना वाटलं, विषय मिटला.

तिने विचारलं, “आगारात कंदी भेटतात?”

गुरुवारी भेटायचे, सकाळी नऊ ते अकरा. त्या वेळात तिचे तीन तास असायचे. त्यातला एक माझा.

इथे एक नियम सांगायला हवा. परिषदेच्या कामासाठी विद्यार्थी बाहेर गेला तर हजेरीत त्याची गैरहजेरीच लागते. पण प्रभारी प्राध्यापकाने ड्यूटी लीव्हची चिठ्ठी महिनाअखेर ऑफिसात दिली की तास भरून निघतात. मी तिला म्हटलं, “तू जा. हजेरीचं मी बघते.”

माझ्यासमोर तिने पेन वर धरलं नाही. कॉलेजात मी एकटीच अशी होते जिला तिने कधी ‘म्हंजे कंदी’ विचारलं नाही.

ती गुरुवारमागून गुरुवार आगारात गेली. कधी साहेब नसायचे, कधी असून नसायचे. जाऊन आली की चिठ्ठीच्या पाठीवर आगाराचा शिक्का घेऊन माझ्याकडे यायची. मी सही करायची, फाइलला लावायची आणि म्हणायची, “जा, पुढचा तास चुकवू नकोस.” शेवटी आगाराने लेखी दिलं की पहिली फेरी याआधी सोडणं शक्य नाही. ते पत्र घेऊन ती संस्थेच्या कार्यकारी मंडळापुढे उभी राहिली. मी सोबत होते.

मंडळात गावातली जुनी, मानाची माणसं. त्यातले एक वयस्कर सदस्य म्हणाले, “आमच्या वेळी आम्ही मैलोन् मैल चालत शाळेत जायचो, बरं का.”

“आमी आजबी चालतो, सर,” ती म्हणाली. “चालल्यावर गाडी मिळते.”

कुणीतरी खाकरलं. मंडळाने विषय ‘विचारार्थ’ ठेवला. तिने कधीपर्यंत ते विचारलं. पुढच्या सभेचा वार लिहून घेतला. पुढच्या सभेला ती हजर.

याच सुमाराला कॉलेजात मूल्यांकन समिती येणार होती. ज्यांनी हे प्रकरण पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी लग्नघर डोळ्यांसमोर आणावं, फक्त नवरदेवाच्या जागी कागद. तीन वर्षांच्या न झालेल्या बैठकांची इतिवृत्तं आम्ही एका आठवड्यात लिहून काढली. शाई एकसारखी दिसू नये म्हणून वेगवेगळी पेनं वापरली. मीही लिहिली. चांगली लिहिली. त्या ढिगात खरं रजिस्टर एकच होतं, तिचं. तारीखवार, कोण काय म्हणालं, कधीचा वायदा केला, पाळला का. समितीच्या बाईंनी नेमकं तेच उघडलं आणि दोन पानं वाचून म्हणाल्या, “विद्यार्थी परिषद इतकी जिवंत फार कमी ठिकाणी दिसते.” प्राचार्यांनी मान झुकवून ते कौतुक घेतलं.

आणि या सगळ्या धांदलीत तिच्या ड्यूटी लीव्हच्या चिठ्ठ्या माझ्या टेबलावरच्या फाइलमध्येच राहिल्या. एक महिना, दोन महिने, तीन महिने. तिने जानेवारीत एकदा आठवण करून दिली होती. मी म्हटलं, “समिती जाऊ दे, मग देते.”

फेब्रुवारीत मंडळाचा ठराव आला. पुढच्या वर्षापासून पहिला तास साडेआठला. शिवाय तिच्या त्या वहीच्या आधारावर गाडीने येणाऱ्या सगळ्या विद्यार्थ्यांचे पहिल्या तासाचे खाडे माफ. एकाही बापाला खाली यावं लागणार नव्हतं. वाडीवरच्या पोरींनी तिला जिन्यात उचलून घेतलं. “सोडा गं, पडंन मी!” हे तिचं ओरडणं स्टाफरूमपर्यंत आलं. मामाने दिवसभर सगळ्यांना विचारलं, “आता माज्या भाचरांचं कसं होनार?”

चार दिवसांनी यादी लागली. वाड्यांवरचं एकच नाव. तिचं.

पहिल्या तासाचे खाडे तिचेही माफ झाले होते. गुरुवारचे नव्हते. माझ्या हजेरीपुस्तकात माझ्याच हाताने तिच्या नावापुढे फुल्या होत्या, आणि त्या खोडणारे कागद माझ्याच फाइलमध्ये.

मी फाइल घेऊन धावत प्राचार्यांकडे गेले. त्यांनी चिठ्ठ्या चाळल्या, व्यवस्थित रचल्या, माझ्याकडे सरकवल्या. “मागच्या तारखेचे कागद घेता येत नाहीत, मॅडम. नियम म्हणजे नियम.”

“सर, गेल्या महिन्यात आपण तीन वर्षांच्या बैठका लिहिल्या. मागच्या तारखेच्या.”

“तो संस्थेचा प्रश्न होता.”

“आणि हा?”

“हा एका विद्यार्थिनीचा आहे.” मग ते खुर्चीत मागे रेलले. “मार्ग आहे ना. पालकांना आणू दे. माफीपत्र दिलं की मी फॉर्म घेतो. बाकी मुलं इतकी वर्षं देत आली, हिला काय वेगळं सोनं लागलंय?”

त्यांचा चेहरा मी पाहिला. त्यांना फॉर्म अडवायचा नव्हता. त्यांना ती हात जोडलेली बघायची होती. वर्षभर वर धरलेल्या त्या पेनाचं देणं त्यांना चुकतं करायचं होतं.

मी तेव्हा काय करायला हवं होतं, ते तुम्हाला वाचताना कळतंच आहे. प्राचार्यांना लेखी द्यायला हवं होतं की चूक माझी. प्रत विद्यापीठाला. मी ते केलं नाही. माझी बढती अडकली होती, बढतीची मुलाखत एप्रिलमध्ये होती. मी व्यवहारी बाई आहे. मी सोपा रस्ता शोधला. तिला बोलावलं आणि म्हटलं, “बाबांना घेऊन ये. दोन मिनिटांचं काम आहे.”

“माफी कशाची लिवायची, मॅडम?”

“छापील असतं ते. वाचायचंही नसतं.”

“मी वाचलंय ते,” ती म्हणाली. “बेशिस्त वर्तन. मी काय बेशिस्त केली?”

“काही केली नाहीस गं. पण वर्ष जाईल तुझं.”

ती म्हणाली, “नाय मॅडम. हे आमी बंद केलंय.”

फॉर्म भरायला दोन दिवस उरले होते. मी त्या कंडक्टरकडे तिच्या बापासाठी निरोप दिला, तिला न सांगता. एक चूक निस्तरायला मी दुसरी केली, आणि ही पहिलीपेक्षा वाईट होती.

दुसऱ्या दिवशी ती घरातून निघून गेल्यावर बापाला निरोप पोचला आणि पुढच्याच गाडीने तो आला. धुतलेला पांढरा सदरा, इस्त्री नसलेला, पण घडी अगदी नीट. शिपायाने बाकावर बसायला सांगितलं तरी भिंतीला टेकून उकिडवा बसला. क्लार्कने माफीपत्र हातात दिलं. मी बाहेर आले तसा तो उठला.

“मॅडम, पोरीनं काय केलं?”

“काही नाही हो केलं. तुम्ही फक्त इथे सही करा.”

“काय नाय केलं, तर सही कसली?”

त्या बापलेकीने घरी एकमेकांना शिकवलं होतं म्हणावं, तर त्याला मी बोलावलंय हे तिला माहीतही नव्हतं. मी काहीतरी समजावत राहिले. वर्ष, फॉर्म, नियम. तो ऐकत होता आणि पेन घेऊन सहीची जागा शोधत होता, कारण समोर मास्तरीण सांगत होती आणि पोरीचं वर्ष होतं. तेवढ्यात ती व्हरांड्यातून आली. सोबतच्या पोरी मागे थांबल्या. तिने बापाच्या हातातला कागद घेतला, वाचला, क्लार्कच्या टेबलावर नेऊन ठेवला. फाडला वगैरे नाही.

“बाबा, चला. काम बुडलं तुमचं.”

मग माझ्याकडे वळून, “तुमी बोलावलं?”

“हो.”

“मला न इचारता?”

“तुझं वर्ष वाचावं म्हणून गं.”

“माजं वर्ष, मॅडम,” ती म्हणाली. “माजा बाप.”

दोघं पायऱ्या उतरून गेली. बापाने उतरताना एकदा मागे वळून मला नमस्कार केला. तो नमस्कार मला आजही सहन होत नाही.

त्या दिवशी मला तिचा संताप आला. एवढा ताठा कशाला, एका सहीने काय बिघडणार होतं, असं मी घरी येऊन नवऱ्याला दोनदा ऐकवलं. त्याने शांतपणे विचारलं, “पण चिठ्ठ्या कुणी द्यायच्या होत्या?” मी त्याच्यावरही ओरडले.

मार्चमध्ये बक्षीस समारंभ झाला. अहवालात मी तिचं नाव घातलं होतं. एका वाक्यात, पण घातलं होतं. प्राचार्यांनी लाल पेनाने रेघ मारली. “परीक्षेला न बसू दिलेल्या विद्यार्थिनीचं नाव छापलं तर चुकीचा संदेश जातो.” मी रेघेप्रमाणे मजकूर नीट करून दिला. अहवाल बाजारपेठेतल्या त्या मुलाने वाचला. ‘परिषदेच्या अथक पाठपुराव्यामुळे वेळापत्रकात ऐतिहासिक बदल’ हे वाक्य आलं तेव्हा सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मंडळाचे ते चालत शाळेत जाणारे सदस्यही टाळ्या वाजवत होते. मुलाला शाल आणि श्रीफळ मिळालं. पोरगा वाईट नाही, खाली उतरल्यावर माझ्याजवळ आला आणि चाचरत म्हणाला, “मॅडम, हे तिला नेऊन देऊ का?” मी म्हटलं, “नको. तिला नारळ काय करायचाय.”

मागच्या रांगांत वाडीवरची पोरं बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. मी वाजवल्या. व्यासपीठावर बसलेल्याला वाजवाव्या लागतात.

बढतीची मुलाखत एप्रिलमध्ये झाली. झाली बढती.

मे महिन्यात मी मामाकडून तिचा पत्ता काढला. “वर हाय, माथेरानला,” तो कढईतून वडे काढत म्हणाला. “हॉटेलात लागली. आनि मॅडम, राग नका मानू, पन यंदा तुमीच सही करून टाकायची व्हती तिच्या बापाच्या जागी. तुमच्या जागी मी असतो तर केली असती.” त्याचं बरोबर होतं.

नेरळहून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत गेले, पुढे वाहनांना बंदी, म्हणून तिथून पायी. सीझनची गर्दी, लाल माती, घोडेवाल्यांची ओरड. हॉटेल मोठं होतं. मागच्या दाराने निरोप पाठवला तेव्हा ती हात पुसत बाहेर आली. निळा गणवेश, खिशावर नावाची पट्टी: पूजा.

“हे काय?”

“आधीच्या पोरीचा हाय. ती सोडून गेली. ड्रेस मापात बसला.” ती स्वयंपाकघराच्या पायरीवर बसली, मलाही जागा केली. “बोला, मॅडम. धा मिनटं हायत माज्याकडं.”

मी पुन्हा प्रवेश घेण्याचा फॉर्म नेला होता. डिसेंबरपासून सहावं सत्र पुन्हा, पूर्ण हजेरी, मग परीक्षा. तिने वाचला आणि परत दिला.

“सा महिने हजेरी द्यायला मी हे काम सोडू? घरात धाकटी दोन शिकतात.” मग म्हणाली, “परीक्षा मी देनार हाय. पन चिठ्ठ्या तुमच्याकडं हायत. तुमी लिवून दिलं तर पुरवनी परीक्षेला बसता येतं. नियमात हाय, मी वाचलंय.”

तिने नियम वाचला होता. मी बावीस वर्षं नोकरी करते, मी वाचला नव्हता.

पर्समधून डायरी काढली आणि तिथेच, पायरीवर बसून लिहिलं. सदर विद्यार्थिनी परिषदेच्या अधिकृत कामासाठी अमुक तासांना बाहेर होती, तिच्या चिठ्ठ्या वेळेवर माझ्याकडे आल्या होत्या, आणि त्या ऑफिसात सादर करणं माझ्याकडून अनवधानाने राहिलं. खाली सही केली. तिने कागद घेतला, बोट ठेवून सावकाश वाचला.

“‘अनवधानाने’ खोडा, मॅडम.”

“का गं?”

“तुमी जानेवारीत मला बोलला व्हता, समिती जाऊ दे, मग देते. म्हंजे ध्यानात व्हतं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. रजिस्टर लिहिताना असायचा तोच आवाज. मी शब्द खोडला.

“बाजूला सही करा. खोडल्याची.”

केली.

तो कागद मी सोमवारी विद्यापीठात स्वतः नेऊन दिला आणि एक प्रत प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली. तेव्हापासून प्राचार्य माझ्याशी बोलत नाहीत. मला खुलासा मागणारं पत्र आलं आहे, त्याला मी एका ओळीचं उत्तर दिलं. तिच्या अर्जावर निर्णय अजून झालेला नाही. मी दर आठवड्याला फोन करते. पलीकडचा माणूस दर वेळी नवा असतो आणि उत्तर जुनंच. कॉलेज साडेआठला भरायला लागलं आहे. वाडीवरची पोरं आता गाडीतून उतरून, वडापाव खाऊन, निवांत वर्गात येतात. नव्या पहिल्या वर्षाच्या मुलांना वाटतं, कॉलेज आधीपासूनच साडेआठला भरत असेल.

त्या दिवशी पायरीवर आणखी काहीतरी बोलावं म्हणून मी शब्द जुळवत होते. मी तिची माफी मागणार होते बहुतेक. ती नेमकी कशी मागतात हे मला ठाऊक नव्हतं. तेवढ्यात आतून कुणीतरी ओरडलं, “पूजाऽऽ! सात नंबरला चार चहा! किती वेळ?”

“आले,” ती म्हणाली, आणि उठून आत गेली.